झालं का?

माझी बायको रात्री दोनला घरी येते
तेव्हा मी विचारत नाही, आज कोण.
बुटांवरून कळतं.
चुन्याची धूळ असली तर छपरांवरच्या दगडी मांजरांचं भांडण,
मेणाचा वास आला तर चर्चच्या तळघरातला तो भाडेकरू,
आपण मेलोय हे ज्याला अजून कुणी नीट समजावलेलं नाही.
मी बार्लीचं सूप गरम करतो.
ती बॅज काढून मिठाच्या बरणीजवळ ठेवते.
सव्वीस वर्षं.

त्या मंगळवारी बुटांतून नुसतं पाणी निघालं.
दौगावाचं पाणी, गंजाच्या वासाचं.
मोजे पिळता पिळता रास्मा म्हणाली,
"आल्विस, कुणीतरी हो म्हणालंय."

रीगात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं:
शंभर वर्षांतून एकदा नदीतून डोकं वर येतं
आणि भेटेल त्याला विचारतं,
शहर बांधून झालं का?
नाही म्हणायचं. अजून पुष्कळ बाकी आहे बाबा.
हो म्हटलं की शहर तळाला.
म्हणून आमच्याकडे कुठे ना कुठे परांच्या उभ्याच असतात,
आणि पुलाचं काम रखडलं
तर महापालिकेला कुणी मनापासून शिव्या देत नाही.

बाजाराच्या तळघरात गुडघाभर पाणी झालं.
सात नंबरची ट्राम वळणावर चार बोटं खचली.
नऊ दिवस ती हिंडली.
मासे धुरावणारी झेंटा, पुलाखालचा म्हातारा खलाशी,
बुडालेल्यांचेसुद्धा जबाब घेतले,
शिसपेन्सिलीनं, कारण त्यांच्यापुढे शाई टिकत नाही.
मी नाही. मी नाही. मी तर नाहीच.

दहाव्या रात्री ती माझ्यासमोर बसली
आणि तिनं वही उघडली.
स्वयंपाकघरात तिनं वही कधीच उघडली नव्हती.

"सोमवारी संध्याकाळी कुठे होतास?"
इथेच. सिंकच्या वरची टाइल बसवत होतो.
(लोकांच्या घरांत टाइल्स बसवून माझे गुडघे गेले,
आमच्या भिंतीतली एक जागा मात्र एकोणीस वर्षं रिकामी.)
"नळ चालू होता?"
होता.
"कुणी काही विचारलं?"

सिंकच्या भोकातून आवाज आला. झालं का?
मला वाटलं तू, जिन्यातून.
"आणि?"
म्हणालो, झालं एकदाचं.

पेन्सिल थांबली नाही, म्हणून मी बोलत राहिलो.
म्हणालो, रास्मा, सोळा वर्षं तू दर रविवारी विचारायचीस,
झालं का, झालं का, मी वैतागायचो.
तीन वर्षांपूर्वी तू विचारायचं सोडलंस.
कधी सोडलंस तेही लक्षात आलं नाही.
म्हणून आवाज आला तेव्हा
मला बरं वाटलं, एवढंच.

तिनं तारीख घातली. माझी सही घेतली.
मग ब्रेडची सुरी घेऊन
टाइलच्या कडेला खुपसली.
निळी टाइल, मी लिएपायाहून आणलेली, दोन तुकडे होऊन पडली.
सिंकमध्ये तोंड घालून माझी बायको ओरडली,
"नाही झालं! याच्या हातून होईल असं वाटतंय तुला?"

खालून कुणीतरी गुळण्या केल्यासारखं पाणी वाजलं.
मग थांबलं.

सकाळी ट्राम तीन बोटं वर आली.
एक बोट खालीच राहिलं, अजूनही तिथे धक्का बसतो.
फाइलवर तिनं लिहिलं: उत्तर देणारा इसम सापडला नाही.
तिच्या अक्षरातली ही एकच खोटी ओळ,
निदान मला माहीत असलेली.

आता रविवारी ती पुन्हा विचारते,
कोट घालता घालता, दारातून.
मी आधी मान वळवून बघतो, तीच आहे ना.
मग म्हणतो,
अजून नाही.