र असलेले महिने

डॉक्टरीणबाईंनी कागद दिला, दोन्ही बाजूंनी भरलेला.
मासे आठवड्यातून तीनदा. हिरवा पाला रोज. बेरी मूठभर.
मीठ बेताचं, लोणी त्याहून बेताचं,
आणि चमचाभर माशाचं तेल, न चुकता.
"गेलेलं परत येईल असं सांगत नाही," त्या म्हणाल्या,
"उरलेलं थोडं जास्त टिकेल, कदाचित."

कदाचित हा शब्द माझ्या ओळखीचा.
बावन्न वर्षं त्याच्याच भरवशावर
मी फेब्रुवारीच्या समुद्रात होडी घातली.

मला स्वयंपाक कुठे येत होता, गुन्वोर?
मासा धक्क्यावर टाकला की माझं काम संपायचं,
पुढे तुझ्या सुरीचं राज्य.
पहिल्या दिवशी कॉड इतका शिजला
की काट्याला कळेना, धरायचं काय.
तू तो सगळा खाल्लास. विचारलंस,
"ही कुठली खानावळ?"
मी म्हटलं, "नवीन आहे. आचारी शिकतोय."

शेडमागे केल लावलाय,
वर माझं जुनं जाळं, मेंढ्यांनी तोंड घालू नये म्हणून.
आस्ब्योर्न कुंपणावरून हसतो:
काय आयलिफ, यंदा पाला पकडतोस?
हसू दे. त्याची बायको त्याला नावाने हाक मारते.

मिठाचं मात्र जड गेलं.
आपल्या घरात दाराची बिजागरीसुद्धा खारट,
आणि मी तुझ्यापुढे अळणी सूप ठेवतो,
वर शेपूची काडी, अपराध्यासारखी.

आठ वर्षांची होतीस तेव्हा
शाळा सुटली की धक्क्यावर पळायचीस.
कॉडचं डोकं खिळ्यात रोवायचं, एक वार, जीभ बादलीत.
एका हिवाळ्यात तू इतक्या जिभा कापल्यास
की वसंतात निळी सायकल आली.
आता शब्द तुझ्या जिभेपर्यंत येतो
आणि तिथेच थांबतो,
तू तोंड किंचित उघडं ठेवून माझ्याकडे बघतेस,
मला त्या बादल्या आठवतात.
मग मी काहीतरी वाढतो. ब्लूबेरी. उकडलेला बटाटा.
हाताला दुसरं काही सुचत नाही.

मार्चमधला तो दिवस.
मी हेरिंगशी झटापट करत होतो,
तू मला सकाळपासून ओड्वार म्हणत होतीस,
तुझा भाऊ, जाऊन वीस वर्षं झालेला.
सुरी माझ्या हातातून कधी घेतलीस कळलंच नाही.
खिडकीबाहेर बघत तू बारा हेरिंग सोलल्यास,
एकही काटा मागे नाही.
"ओड्वार," म्हणालीस, "तुला आईने काहीच शिकवलं नाही."
जेवण मी ओड्वार होऊन केलं.
चव चांगली होती.

आणि काल. रात्रीचे अकरा, बाहेर लख्ख ऊन.
कागदात लिहिल्याप्रमाणे मी तेलाचा चमचा भरला,
तुझ्या ओठांपर्यंत नेला.
तू ओठ मिटलेस, लहान मुलीसारखे, घट्ट.
"जूनमध्ये र नसतो."

मी चमचा हातात धरून उभा.
आपल्या आयांचा नियम:
ज्या महिन्याच्या नावात र, त्या महिन्यात तेल,
मे ते ऑगस्ट जिभेला सुट्टी.
मनात महिने म्हणून पाहिले, बोटांवर,
सप्टेंबर, ऑक्टोबर, सगळे.
तुझंच बरोबर होतं.
डॉक्टरीणबाईंची क्षमा मागितली
आणि तेल बाटलीत परत ओतलं, एक थेंब न सांडता.

मग मला हाव सुटली.
टेबलावर वाकून मी विचारलं,
"आणि माझ्या नावात, गुन्वोर? माझ्या नावात आहे का र?"

तू बराच वेळ पाहत राहिलीस.
डबा ओढलास, झाकण उघडलंस.
"ब्रेड संपलाय," म्हणालीस.

खरंच संपला होता.
सकाळी रायचा घेऊन येतो.