दोन इंच

चिऱ्यावर जॅक लावलेला बघून
बुधाजी तांडेल गडग्यापलीकडून ओरडला,
"जांभो फुटतलो, मरशीत!"
आणि होडीखालचे दोन ओंडके घेऊन आला.

खालचा बोल्ट हलेना.
अकरा वर्षं आचऱ्याचा खारा वारा खाऊन
तो आपल्या भोकाशी लग्न लावून बसलेला.
डिझेल ओतलं. हातोडी मारली.
पान्याला चार फूट पाइप जोडून लोंबकळलो.
बुधाजीनं नुसता कान लावला,
ट्रॉलरच्या इंजिनाला लावतो तसा.
"रातभर भिजत ठेव. फाल्यां बोलतलो."

बोलला.
कर्रऽ, एकदाच,
आणि माझ्या तळहातावर लाल भुकटी.

नवी स्प्रिंग आवळताना दोघंही गप्प.
तिच्यात दाबलेला जोर
दातांत जाणवत होता.

दिवेलागणीला जॅक उतरवला.
गाडी बसली, पण पूर्वीइतकी नाही.
आई दार उघडून तशीच उभी:
"गाडयेक उचललंस, आता माका कोण उचलतलो?"
बुधाजीनं तोच चिरा पायरीला सरकवला.

ती चढली, पदर सावरला,
गडग्यावरून बघत राहिली.
"हयसून खाडी दिसता रे."

माझ्या खिशात एक वॉशर उरला होता.
कुठला, ते अजून कळलेलं नाही.