उकंडाचं वजन

माझा बाप जिनात काट्यावर होता.
त्यामुळे आमच्या घरी कुणी "लय जड" म्हटलं
की पुढचा प्रश्न ठरलेला: किती मण?

तरोड्यात उकंडा नेहारेची गोष्ट निघाली
की हा प्रश्न कुणी विचारत नसे.

त्याच्या आधीची चार गेली होती.
पाचव्याला मायनं पाळण्यात नाही घातलं,
उकिरड्यावर लोळवलं,
शेणात, राखेत, कुजक्या कडब्यात,
म्हणजे दारावरून जाताना मरण म्हणेल
हा तर केर, कुणी टाकलेला.
नावही तेच ठेवलं.
आणि देवीला बोलली:
वाचला तर याच्या भारंभार गूळ वाटीन.

वाचला.
तिथंच हिशेब चुकला.

दर साली ती निंदणाचे पैसे गाठीला बांधी,
दर साली पोट्टा गुळाच्या पुढं निघून जाई.
चौदाव्या वर्षी अडाणच्या चिखलात फसलेली गाडी
बैल सोडून, जू आपल्या मानेवर घेऊन काढली.
विसाव्या वर्षी दाबलेली रुईची गाठ,
पावणेपाच मण (हा आकडा बापाचा, खरा),
पाठीवर घेऊन फलाटापर्यंत गेला
आणि मधेच थांबून
कुणाकडं तरी विडीला काडी मागितली.

बाकीचं ऐकलेलं.
शंकरपटात उधळलेली जोडी शिंगांना धरून बसवली.
दारव्ह्याला लहान गाडीचा शेवटचा डबा धरून ठेवला,
कारण हारणाबाई अजून लुगडं सावरत येत होती.
विहिरीत पडलेली म्हैस काढली
आणि घाबरून पान्हा चोरील म्हणून
रात्रभर तिच्याशी बोलत बसला.
रोडगे चाळीस. भाजीचा गंज निराळा.

मारुतीपुढचा त्याचा गोटा अजून तिथंच आहे.
कुणी सहा मण सांगतं, कुणी नऊ,
बळीराम वाटकर अकरावर ठाम.
बाप एकदा म्हणाला, काट्यावर आणू या का?
सगळा पार गप्प.
मग कोपऱ्यातून कुणीतरी:
"बाबूजी, तुमचा काटा सेठचा हाय. गोटा गावचा हाय."

माय गेली तेव्हा उकंडा ऐन भरात,
तीन मण आठ शेर.
तेवढा गूळ घरात आणायला
आधी घर विकावं लागलं असतं.

पुढचं मी पाहिलेलं.
मी नऊ वर्षांचा, बापाचा डबा घेऊन गेलेला.
दारात एक म्हातारा,
सदरा खांद्यावरून घसरतोय.
मला वाटलं मजुरी मागायला आला.
"बाबूजी, मले तोला."
तो लोखंडी पाट्यावर बसला, गुडघे जवळ घेऊन.
बापानं दांडीवरचं वजन सरकवलं,
मागं आणलं, अजून मागं.
इतकं मागं आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.
"सत्तेचाळीस किलो," बाप हळूच म्हणाला,
जणू काट्याचीच काही चूक.

म्हाताऱ्याचं तोंड उजळलं.
"बापा! मंग जमते की आता."

चार ढेपा आल्या, पाचवी फोडून वर घातली.
चिंचेच्या फांदीला दोरांची पारडी.
एकात तो बसला, धोतर आवरून, नव्या नवरदेवासारखा.
दुसऱ्यात गूळ चढत गेला
आणि त्याचे पाय जमिनीवरून सुटले,
चार बोटं, जेमतेम.
"पयल्यांदाच मले कोनी उचललं," तो म्हणाला.
लोक हसले. बळीराम नाही हसला,
तो पारड्याचा दोर उगाच घट्ट करत राहिला.

गूळ सगळ्यांना पुरला.
मुंग्यांनाही.

बापाची ती वही माझ्याजवळ आहे.
कापसाच्या दोन नोंदींच्या मधे:
नेहारे उकंडा, तरोडा, ४७.
मालाच्या रकान्यात त्यानं काहीतरी लिहून
खोडलं आहे.
दिव्यासमोर धरलं तरी वाचता येत नाही.