पोच

तार्तूत फेब्रुवारीचे चार वाजले की
खिडकीतली नदी नाहीशी होते,
पुलावरचे दिवे तेवढे उरतात.
उल्ले तेव्हा उठते, कप हातात घेऊन
मादिसच्या टेबलाशी जाते, सांगते:
सतरा पास, दोन फेल.
नऊ वर्षं तिनं हे पायांनी केलं.

आता ते काम वेबहुकाचं.
"दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायचं नाही.
काही घडलं तर निरोपच येऊन कडी वाजवेल,"
मादिस म्हणतो. त्याच्या लोकरी मोज्याला भोक आहे,
अंगठा बाहेर येऊन ऐकतोय.

ती सेटिंगचं पान उघडते.
पत्ता: निरोप कुठं जायचा.
एक तिरकी रेघ राहते, पुन्हा लिहिते.
घटना: हव्या त्यांवर खूण करा.
टेस्ट रन सुरू झाला. नको, सुरू तर रोजच होतो.
टेस्ट रन संपला. हो.
केस फेल झाली. हो.
केस कुणी काढून टाकली.
इथं ती थांबते.
क्रमांक ४१७, फेरीबोटीवर चढलेल्या ट्रकचं
वजन दोनदा धरलं जातंय का, ती केस
शरदात कुणीतरी उडवली
आणि तीन आठवडे कुणाला पत्ता नव्हता.
हो.

मग गुप्त शब्द, दोन्ही टोकांनाच ठाऊक असलेला.
त्यातून प्रत्येक निरोपाची सही निघते.
जुळली नाही तर आत घ्यायचं नाही,
कुणीही येईल आणि म्हणेल, मीच तो.

चाचणीचा निरोप पाठवा, बटण म्हणतं.
ती दाबते.
पलीकडून आकडा येतो: २००.
हुकालाही आकडा म्हणतात, संख्येलाही.
आकड्यात आकडा अडकला, झालं.
आभार नाहीत, बरं आहे ना नाही.
मिळालं, एवढीच पोच.

"आणि नाही आली तर?"
"पुन्हा वाजवतो. मिनिटानं, मग पाचानं, मग तासानं.
एकूण पाचदा. मग आपणहून बंद."
"रागावून?"
"राग कसला! त्याला वाटतं, घर रिकामं आहे."
"पण मी आत असले? हात कामात असले?"
"म्हणून तर पोच आधी द्यायची, वाचायचं नंतर.
सगळं वाचून मग देऊ म्हटलं की उशीर होतो."

किह्नू बेटावरून आर्वो धुरी दिलेले मासे पाठवायचा,
खलाशाच्या हाती, तिथून बसच्या ड्रायव्हरकडे.
तपकिरी कागद, सुतळी.
नाव नाही, चिठ्ठी नाही,
फक्त गाठ.
बापानं जाळं विणताना दोघा भावंडांना शिकवलेली,
शेवटचा वेढा उलटा.
तिसऱ्या कुणाला ती येत नाही.
उल्ले गाठ बघायची, ओळखायची, कात्रीनं कापायची,
उभ्यानंच दोन घास खायची.
फोन करू, म्हणायची, निवांत बसून,
त्याचा गुडघा, होडीचं इंजिन,
शेजाऱ्याशी बांधावरनं चाललेलं भांडण,
सगळं विचारून.
सप्टेंबरपासून बसमधून काही उतरलं नाही.
तऱ्हेवाईकच आहे, म्हणाली ती मैत्रिणीला,
पोच म्हणून नाही त्या माणसाला.

जूनच्या सुरुवातीला एक. जूनअखेर एक.
जुलैत. ऑगस्टात दोनदा.
ती टेबलाखाली बोटं मिटत जाते.
मूठ वळते.

मादिस कोट चढवतो, विचारतो, निघायचं?
पडद्यावर हुकाशेजारी हिरवा ठिपका.
तू हो पुढं, ती म्हणते,
आणि फोन काढते.
प्रिय आर्वो, लिहिते. पुसते.
कामाचं फार, लिहिते. तेही पुसते.
चार वाजून गेलेत, काचेत तिचाच चेहरा,
त्यामागं कुठंतरी नदी असणार.

मग लिहिते:
मिळाले. पाचही.