निचरा

एकतीस वर्षं जकार्डच्या पत्त्यांवर भोकं पाडली मी.
त्या भोकांतून चादरींवर फुलं उमटली,
आठ पाकळ्यांची, सगळी सारखी,
कुठल्याच झाडाची नसलेली.
कारखान्याला कुलूप लागलं
तेव्हा हाताला तेवढंच येत होतं.

मग नान्नजकडच्या माळावर
धुळा मेंढक्यानं पिशवीतून दोन कंद काढले,
चपटे, मातकट, पोराच्या मुठीएवढे.
"पाताळतुंबडी. एक खा, एक लाव.
आता हुडकून बी घावत न्हाई.
पल्याड तारंचं कुंपण पडलंय,
आन् आत काचंची शेती."

मी दोन्ही लावले.
चवीची रुखरुख अजून आहे.

जागा दिली ती भिंतीलगतची,
जिथं दुपारी अनवाणी उभं राहवत नाही.
आमच्या घरकुलात नळ येतो पाचव्या दिवशी.
बालामणी टिपाड भरते, मग हंडे, बादल्या,
शेवटी चहाचं पातेलंसुद्धा,
आणि त्यातला एक तांब्या मी चोरून
कंदांना घालायचो,
आपल्या ताटातला घास काढून द्यावा तसा.

अकराव्या दिवशी उकरून पाहिलं.
पहिला कंद बोटाखाली दबला,
ओल्या साबणाच्या वडीसारखा.
"लाडानं मेलं," बालामणी म्हणाली.
सुपातल्या विड्यांवरून तिनं मान वर केली नाही.

दुसरा कंद कापडात गुंडाळून फळीवर ठेवला
आणि फूटभर काळी माती काढून टाकली.
धरून ठेवणारी माती ती,
सोडणं तिला ठाऊकच नाही.
खड्ड्यात मुरूम घातला, विटांचा चुरा,
सीनेची वाळू, मूठभर जुनं शेणखत,
तेही निम्मं परत काढून.
तांब्या ओतला नि मोजायला लागलो:
ओकटी, रेंडू, मूडू...
नालुगु म्हणेपर्यंत पाणी गेलं होतं.

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला.
गल्लीत दारोदार निळं टिपाड आहे ना,
तसं हिचंही आहे,
फक्त जमिनीखाली.
ही पाचव्या दिवसाची वाट बघणारी नव्हेच,
आठ महिने नळ न आलेल्या घरातली बाई ही.
आणि मी तिला पाणी पाजत बसलो होतो!

उन्हाळाभर तिथं काहीच नव्हतं.
गज्जमच्या नातवानं त्या जागेवर विकेट लावली.
मी ओरडलो तर म्हणाला,
"काका, इथं आहे काय?"
खरंच, काय दाखवणार होतो त्याला?

आषाढात दोऱ्याएवढा वेल वर आला,
आणि श्रावणात फूल.
बालामणीनं चष्मा पुसून पाहिलं.
फिकट हिरवी सुरई, बुडाशी फुगलेली,
वर जांभळ्या गजांचा पिंजरा.
"हे फूल? वेणीत कसं माळायचं हे?"
तिच्या पदराला तंबाखूचा वास, फुलाला कसलाच नाही,
निदान आम्हाला तरी येईना.

एका चिलटाला मात्र आला असावा.
ते आत शिरलं आणि अडकलं,
आतली लव खाली वळलेली, परतायची सोय नाही.
रात्री बॅटरी घेऊन मी दोनदा उठलो,
कारखान्यात रात्रपाळीला उठायचो तसा.
दुसऱ्या दिवशी लव सुकली, फूल जरा कललं,
आणि चिलट चालत बाहेर आलं,
अंगावर पिवळं काहीतरी घेऊन,
पाळी सुटल्यासारखं.

आता शेंगा धरल्यात, जोडीजोडीनं,
बैलाच्या शिंगांसारख्या.
एक आधीच उकलली. आत बी,
आणि प्रत्येक बीला रेशमाचा झुपका.
एवढा बारीक धागा
मी उभ्या जन्मात मागावर पाहिला नाही.

बाकीच्यांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या,
धुळासाठी, कुंपणाअलीकडच्या माळासाठी.
एकीला बांधायची राहिली.
बालामणी म्हणते, विसरलात.
समोरच्या गच्चीवर गज्जमचे टॉवेल वाळताहेत,
उद्या गठ्ठे बांधून कुठं कुठं जातील,
आणि वारा तिकडचाच आहे.