वेणीचे तीन ठिपके

काळा तंग पोशाख,
त्यावर बोराएवढे एकेचाळीस पांढरे गोळे.
भद्रय्यागारू आरशात बघून म्हणाले,
"देवी आलेल्या पोरासारखा दिसतोय मी."

वय अठ्ठ्याहत्तर. कृष्णेकाठच्या गावाहून
रात्रीच्या बसने हैदराबादला,
मांडीवर पत्र्याची पेटी.
पेटीत वेणी.

साठ वर्षं हा माणूस सत्यभामा होता.
सकाळी आम्ही 'ते' म्हणत होतो, जेवणानंतर 'त्या'.
बरं की आमच्या तेलुगूत 'गारू' दोघांनाही चालतं.

मी म्हटलं, वेणी नको. सॉफ्टवेअरच्या यादीत
खांदा आहे, कोपर आहे, टाच आहे,
वेणी नावाचं हाड नाही.
"मग तुमची यादी पुरुषांची आहे."

प्रवल्लिकाने वेणीला तीन गोळे चिकटवले.
संगणकाने तिला शेपूट मानलं.

मग गारू उभेच.
एक मिनिट. दोन.
सोळा कॅमेऱ्यांचे लाल डोळे, एसीची घरघर.
काय झालं, तातय्या?
"पडदा."

पडद्याशिवाय ती येत नाही.
दोघं दोन टोकं धरतात, ती मागे थांबते
आणि आधी नुसती वेणी टाकते पडद्यावरून पुढे,
की या, आहे का कुणी माझ्या तोडीचं,
हरवा, आणि कापून न्या.

पडदा कुठला इथे!
जुन्या मशिनवरची चादर ओढली, झटकली,
एक टोक प्रवल्लिकाकडे, एक माझ्याकडे,
दोघी शिंकत.
वेणी आली ती माझ्या मनगटावर आपटूनच.
केवढं जड ते गंगावन!
खोबरेलाचा, गंजाचा, कापराचा वास.

संध्याकाळी फाइल उघडली.
त्या अकरा सेकंदांत एकेचाळीसही ठिपके गायब.
चादरीपलीकडचं कॅमेऱ्यांना दिसत नाही.
नुसता अंधार
आणि त्यात तीन ठिपके,
एकाखाली एक,
किंचित झुलत.

हरवलेलं मागच्यापुढच्यावरून भरून काढायचं, असा आमचा नियम.
डाव्या गुडघ्याची थरथरही
सॉफ्टवेअरने अशीच पुसली होती, दोष म्हणून.
ती भामेच्या रागाची की गुडघ्याची,
मी विचारलं होतं दुपारी.
गारूंनी बिस्कीट चहात धरलं, धरूनच ठेवलं.
"विशीत रागाची होती.
आता मलाही सांगता येत नाही."
तोवर बिस्कीट तुटून तळाला गेलं.
"राहू दे दोन्ही," म्हणाले,
आणि चमचा मागितला.

थरथर मी परत आणली.
आता पडद्यावर चौकट विचारतेय: रिकामी जागा भरू?
माझ्यानंतर कुणी उघडेल, म्हणेल, फाइल खराब आहे.
म्हणू दे.

नाही दाबलं.
दिवे घालवले. चादर घडी करताना दिसलं,
मधोमध तेलाचा डाग पडलाय,
लांबट,
वितीएवढा.
प्रवल्लिका म्हणाली, धुवायला टाकू?