राहू दे

आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात.
लग्न नवं होतं तेव्हा मी फोनवर म्हणाले,
"गंगेवर आलेय, तासाभरात येते,"
तर अचलपूरहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी
शेजारणीला सांगितलं, सून न विचारता काशीला गेली.
मी होते बुधवारच्या बाजारात,
मेथीच्या दोन जुड्यांसाठी घासाघीस करत.

तेव्हा खूप हसले होते.
आता पोटच त्यावर भरते:
शरणपूर रोडला, काचेच्या खोलीत
लोकांच्या कानांवर हेडफोन चढवते,
म्हणते, आवाज आला की बटण दाबा,
अगदी बारीक आला तरी.
काहीजण आवाज नसतानाही दाबतात.
नापास व्हायला कोणाला आवडतं?

नानांनी बराच वेळ दाबलंच नाही.
पंचेचाळीस वर्षं तांबट आळीत मठारकाम,
घागरीच्या पोटावर दिवसाला किती ठोके, कोणी मोजले?
कागदावरची रेघ चार हजारांपाशी
विहिरीच्या काठावर पाय निसटावा तशी गेली खाली.
स जातो आधी, ख जातो, फ, थ.
आ, अ, ई मागे राहतात.
म्हणजे मी म्हणते, "साखर संपली,"
आणि पलीकडे पोहोचतं
आ… अर अं… अली,
आणि नाना दचकून विचारतात,
"कोण आजारी पडली?"

एका शनिवारी मशीन घेऊन दुकानात गेले.
पुठ्ठ्याची डबी गल्ल्याशेजारी ठेवली.
समोर परातीचा काठ वळवत होते,
शेजारी दोघंजण मिळून एक बंब ठोकत होते,
मधल्या बोळातून एक टेम्पो
पीं पीं करत मागे येत होता.
नानांनी डबीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.
म्हणाले, "राहू दे."

दोन शब्द. आणि माझे कान धडधाकट.
मी ऐकलं, नको.
मी ऐकलं, बापाला शिकवू नकोस.
आईच्या आजारपणात मी उशिरा पोहोचले
तेही ऐकलं त्यात,
जे ते कधी बोललेच नव्हते.
डबी उचलली. "येते" म्हणाले आणि गेले.
पुढच्या आठवड्यात ते मशीन
सिन्नरच्या एका रिटायर कंडक्टरच्या कानात बसलं.

चार महिन्यांनी इलियासभाई कल्हईवाले
कान तपासायला आले,
हाताला नवसागराचा वास.
बटण दाबायचं सोडून म्हणाले,
"जोत्सा, नानांची ती वस्तू दुरुस्तीला नेलीस ना?
किती दिवस लावतात गं कंपनीवाले!
त्यांनी फळीवर जागा करून ठेवलीय.
तांब्याची एवढीशी डबी ठोकलीय तिच्यासाठी,
झाकणाला कडीसुद्धा."

मी हेडफोनमध्ये शिट्टी सोडायची विसरले.
इलियासभाई शहाण्यासारखे
आवाजाची वाट बघत बसले.

संध्याकाळी नवं मशीन घेऊन गेले.
आळीत एकही हातोडा नव्हता,
फक्त कोणीतरी शटर ओढत होतं, तेही दूर.
नाना स्टुलावर. फळीवर ती डबी,
वर लिंबाएवढी, आत कापसाची गादी.
मी समोर उकिडवी बसले,
ओठ दिसतील असे हलवले,
एकेक अक्षर वेगळं करून विचारलं,
"नाना, त्या दिवशी राहू दे म्हणालात,
ते ठेव म्हणून, की नको म्हणून?"

त्यांनी माझं तोंड नीट वाचलं.
सदऱ्याच्या टोकाने डबीचं झाकण पुसलं,
पुन्हा पुसलं, जिथे काही नव्हतं तिथेही.
मग म्हणाले,
"राहू दे."

माझा हात
फळी आणि पर्स यांच्या मध्ये.